गावाची बंदूक आणि गावकुसाबाहेरची माणसे

१

माझ्या एका विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी दीर्घ कथा लिहिली आणि अंकाकडे देण्याआधी ती मला दाखवायला आणली. मी अजिंठ्याजवळच्या एका खेड्यातला, आता निवृत्त झालेला मराठीचा शिक्षक. मुले अजूनही लिहिलेले घेऊन घरी येतात.

कथा अशी होती. जगावर मोठा प्रलय कोसळला आहे. शहरे उद्ध्वस्त झाली आहेत. वीज नाही, सरकार नाही, पोलीस ठाणे ओस पडले आहे. अजिंठ्याच्या घाटाने लुटारूंच्या टोळ्या वर चढू लागतात. मग परिसरातली गावे एकत्र येतात आणि रक्षक दल उभारतात. एक लोहार आणि लेथवर काम केलेला एक कारागीर मिळून साध्या, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या चाळीस रायफली तयार करतात. बायका-मुलांना लेण्यांत हलवले जाते, पुरुष घाट अडवून बसतात आणि शेवटी गाव जिंकते.

कथा वाचनीय होती. वाचून झाल्यावर मी त्याला विचारले, "या चाळीस रायफली तू कोणाला दिल्यास?"

"गावाला, सर."

"रात्री त्या कुठे ठेवतोस?"

"सरपंचाच्या वाड्यात."

"काडतुसे?"

"तीही तिथेच."

"आणि आपली वस्ती?"

तो गप्प झाला. मुलगा भीमनगरातला. त्याच्या कथेत आपल्या वस्तीतली माणसे होती. नाही असे नाही. ती लोहारासाठी कोळसा पाडीत होती, जखमींना उचलून नेत होती, लेण्यांपर्यंत पाणी पोचवीत होती. पण चाळीसांपैकी एकही रायफल त्यांच्या खांद्यावर नव्हती. हे त्याने ठरवून लिहिले नव्हते. 'गाव' म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते त्याने उतरवले. जग बुडाले, सरकार बुडाले, गावगाडा मात्र त्याच्या कल्पनेतही शाबूत राहिला.

या मुलाला पुढच्या चार-सहा संध्याकाळी मी जे सांगितले तेच इथे मांडतो आहे. प्रश्न त्याच्या एकट्याच्या कथेचा नाही. सरकार कोसळते तेव्हा गावाच्या हाती बंदूक येते, हे आपल्या मुलखात प्रत्यक्षात घडून गेले आहे. ती कोणाच्या हाती आली आणि कोणावर रोखली गेली, हे कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी माहीत करून घेतले पाहिजे.

२

आधी वस्तू समजून घेऊ. ठासणीच्या जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. दारू आणि गोळी तोंडाकडून ठासून भरायची. गोळी नळीत थोडी सैल असते, त्यामुळे शंभर पावलांपलीकडे नेम धरण्यात फारसा अर्थ नसतो. रायफलीच्या नळीत आतून नागमोडी आटे पाडलेले असतात. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. एवढाच काय तो फरक. पण या फरकाने माणूस शेकडो पावलांवरून नेम धरू शकतो.

दुसरी गोष्ट काडतुसाची. ठासणीच्या बंदुकीला लागणारी दारू पूर्वी खेड्यापाड्यांतही तयार होत असे. पुढे काडतूस आले. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, पुढे गोळी. ही वस्तू लोहाराच्या भात्यावर होत नाही. तिला कारखाना लागतो, रसायने लागतात, एकसारखे माप लागते. म्हणून साधी रायफल गावात एखादेवेळी घडवताही येईल, पण तिचे काडतूस बाहेरूनच येणार. काडतूस देणारा हात आखडला की रायफलीची काठी होते. माझ्या विद्यार्थ्याच्या कथेत चाळीस रायफली होत्या आणि काडतुसे किती, कुठून आली, याचा पत्ता नव्हता. शस्त्राचा खरा मालक शोधायचा असेल तर ते कोणाच्या खांद्यावर आहे हे पाहून भागत नाही. काडतुसांची पेटी कोणाच्या ताब्यात आहे हे पाहावे लागते.

इंग्रजांना हे पक्के समजले होते. १८५७ च्या उठावानंतर त्यांनी हिंदी पलटणींना ज्या एन्फील्ड बंदुका दिल्या, त्या बाहेरून गोऱ्या शिपायाच्या रायफलीसारख्याच दिसत. पण त्यांच्या नळीतले आटे काढून ती गुळगुळीत केलेली होती. शिपायाच्या खांद्यावर बंदूक दिसावी, पण तो उलटला तर त्याची गोळी गोऱ्या रायफलीइतकी लांब जाऊ नये, अशी ती योजना. पुढेही हेच धोरण राहिले. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर होती; गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदी शिपायाला मार्टिनी मिळाली. विसाव्या शतकात पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी थ्री-नॉट-थ्रीवरून चारशेदहाची मस्केट तयार करण्यात आली. तिची नळी गुळगुळीत, आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच गोळी. 'साधी' बंदूक ही नेहमी गरिबीतूनच साधी होते असे नाही. देणाऱ्याला घेणाऱ्याची भीती वाटते, म्हणूनही ती साधी केली जाते.

३

आता आपल्या घाटाकडे वळू. अजिंठा गावाला निजामाच्या काळातली तटबंदी आहे, वेशी आहेत. वेस आली की वेसकर आला. गावगाड्यात महाराकडे वेशीची राखण होती. रात्री पहारा देणे, परक्या माणसाची वर्दी देणे, सरकारी खजिना पुढच्या गावापर्यंत पोचवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, ही त्याची कामे. गावाचे रक्षण ज्याच्याकडे, त्याच्या हाती शस्त्र कोणते? घुंगरांची काठी. चोर आला तर जीव त्याने द्यायचा आणि चोरी झाली तर जाब त्यालाच विचारायचा. अशा या रक्षकाला गावाच्या आत घर बांधता येत नव्हते. रक्षण करण्याचे ओझे आणि शस्त्र बाळगण्याचा अधिकार या दोन गोष्टी आपल्याकडे मुळापासून वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे उच्छेदन' या निबंधात नेमके यावरच बोट ठेवले. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र आणि शिक्षण दोन्ही नाकारले, म्हणून या देशात बंड झाले नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि घाटाखाली खानदेशात इंग्रजी अंमल आला. सातपुड्यातले आणि सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांतले भिल्ल त्यांना जुमानीत नव्हते. मारून मारून सरकार थकले, तेव्हा १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे ठाणे. भिल्लाच्या हाती सरकारी बंदूक आली, पगार आला, मान आला. आणि बंडखोर भिल्लाला पकडण्याचे कामही आले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये सरकारवर उलटला. ज्याने काल रस्ता राखला तो आज दरोडेखोर ठरला. उपेक्षितांना शस्त्र देण्याचा हा एक प्रकार. देणाऱ्याला हवे तेव्हा हवे त्यावर ते रोखायचे.

महार शिपायांचा इतिहास याहून वेगळा नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा येथे ते लढले. त्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत पुढे करून त्यांची भरती बंद करण्यात आली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली, तेव्हा बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज पडली की बंदूक द्यायची आणि गरज सरली की काढून घ्यायची, हा इतिहास आमच्या घराघरांत माहीत आहे. त्यातून बोध मात्र आपण पुरेसा घेतलेला नाही.

४

सरकार कोसळणे म्हणजे काय, हे मराठवाड्याने १९४७-४८ मध्ये अनुभवले. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. घाट उतरून फर्दापूर ओलांडले की पुढे खानदेश, म्हणजे हिंदी संघराज्य. सीमेच्या अलीकडे रझाकार होते, पलीकडे स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. कासिम रझवीच्या रझाकारांकडे तलवारी, ठासणीच्या बंदुका आणि थोड्या रायफली होत्या. निजाम सरकारला बाहेरून शस्त्रे हवी होती. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून रात्रीच्या विमानांनी ती आणून देत होता. माझ्या विद्यार्थ्याने कल्पनेने रंगवलेला काळ तो हाच. कायदा पुस्तकात राहिला आणि ज्याच्याकडे बंदूक त्याचे गाव झाले.

या काळात दलित कुठे होते? दोन्ही बाजूंना त्यांची संख्या हवी होती, त्यांच्या हातात निर्णय कोणालाच नको होता. काही दलित नेते निजामाच्या बाजूला गेले. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीरपणे सांगितले होते की अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले. त्यानंतर जे झाले ते आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. आणि उस्मानाबाद व नांदेड हे आपले जिल्हे सर्वाधिक झळ बसलेल्यांत होते. रझाकारांचे हस्तक ठरवून दलितांवरही सूड उगवला गेला. काल गावाला छळणारी बंदूक रझाकाराची होती. आज जिंकलेल्या बाजूची बंदूक गावातल्याच दुबळ्यांवर फिरली.

शेजारच्या तेलंगणात त्याच काळात वेगळा प्रयोग झाला. तिथे गावोगावच्या पथकांनी ठासणीच्या बंदुका आणि गोफणी घेऊन देशमुखांचे वाडे रिकामे केले. कम्युनिस्ट पक्षाच्या हिशेबाप्रमाणे सुमारे तीन हजार गावांत दहा लाख एकर जमीन वाटली गेली. आकड्यांबद्दल वाद घालता येईल. मुद्दा असा की तिथे बंदुकीबरोबर जमिनीचा प्रश्न आला. मराठवाड्यात बंदूक आली, जमीन होती तिथेच राहिली.

या काळाची एक आठवण औरंगाबादने विसरू नये. इथेच १९०८ मध्ये जन्मलेले श्यामसुंदर १९४८ मध्ये निजामाच्या बाजूने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते. त्याच श्यामसुंदरांनी वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, गुलबर्ग्याला 'भीमसेना' उभारली. दलितांचे रक्षण दलितांनीच करावे, हा तिचा विचार. संस्थानिकाच्या आश्रयाने आपण सुरक्षित होत नाही, हे त्या वीस वर्षांनी शिकवले असावे असे मला वाटते.

५

आता घरची गोष्ट. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. मी दहा वर्षांचा होतो. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ४ ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना मारले, ही बातमी आमच्या वस्तीत दोन दिवसांनी आली. आमच्या गावात घर जळले नाही. पण जळणार नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते.

माझे वडील महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन आले होते. त्यांनी मशीनगन चालवली होती. ती उघडायची कशी, पुसायची कशी, पुन्हा जोडायची कशी, हे ते अंधारात हाताने करून दाखवीत. हातात काही नसताना, नुसत्या बोटांनी. त्या ऑगस्टच्या रात्री ते दारात बसले होते. मांडीवर आजोबांची वेसकराची काठी होती. देशाने ज्या हातांत मशीनगन दिली, त्याच हातांत गावाने काठीच ठेवली होती. त्या आठवड्यात मी त्यांना एकदाही झोपलेले पाहिले नाही.

पुढे त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. एका कचेरीत त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला: जमीन किती? त्यांना तो अपमान वाटला. पुष्कळ वर्षांनी मी कायदा वाचला तेव्हा त्या प्रश्नामागचे कारण कळले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा परवाना पीकसंरक्षणासाठी मिळण्याची खास सोय आहे. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून ज्वारी-मका राखण्यासाठी ती रास्तही आहे. पण पीक राखायचे तर पीक असावे लागते, आणि पिकासाठी जमीन. ज्याला जमीन नाही त्याला राखण्यासारखे काही आहे हे या सोयीत बसत नाही. अशा रीतीने कायद्यात जातीचे नावही न घेता बंदूक जमिनीच्या मागोमाग जाते, आणि जमीन कोणाच्या मागोमाग गेली ते सांगायला नको.

१९७८ मध्ये आपल्या वस्त्या जाळायला रायफली लागल्या नाहीत. रॉकेल आणि काडेपेटी पुरली. रायफल असती तर वस्ती वाचली असती का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. चार घरांच्या वस्तीत एक बंदूक आणि चारशे घरांच्या गावात वीस, असा हिशेब असेल तर ती एक बंदूक वस्तीवर हल्ला करण्याचे निमित्त ठरते.

६

बाहेरचे दाखले हेच सांगतात. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपताच मिसिसिपी राज्याने काळ्यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास बंदी केली. लुइझियानात कोलफॅक्स येथे १३ एप्रिल १८७३ ला कचेरीचे रक्षण करणाऱ्या काळ्या नागरिकांना गोऱ्या टोळीने घेरले. शरण आल्यावरही अनेकांना मारले. त्यांच्याकडे बंदुका होत्या. पण १८७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना मोकळे केले. हातातली बंदूक लढाईपुरती असते. लढाईनंतर न्यायालय लागते, आणि ते त्यांचे नव्हते.

बिहारात १९९४ मध्ये जमीनदारांनी रणवीर सेना काढली. गावाचे रक्षण हेच नाव. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे तिने ५८ दलित-मागासांना मारले; त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. खालच्या न्यायालयाने २६ जणांना दोषी धरले. ९ ऑक्टोबर २०१३ ला पाटणा उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले.

छत्तीसगडमध्ये २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाखाली आदिवासी पोरांना बंदूक देऊन आदिवासींवर सोडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ ला ते घटनाबाह्य ठरवले. आउट्रमची युक्ती पावणेदोनशे वर्षांनी तशीच्या तशी वापरली गेली.

मग दलितांनी शस्त्राचे नावच काढू नये काय? आम्ही अजिंठ्याच्या सावलीत राहणारे बौद्ध आहोत, म्हणून हा प्रश्न आम्हाला विशेष करून विचारला जातो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याचे उत्तर दिले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोहोंत त्यांनी भेद केला आणि बुद्धाने निषेध केला तो इच्छेचा, असे सांगितले. स्वतःच्या लेकराला जाळू पाहणाऱ्याचा हात धरणे अधम्म नाही. पण गरज आहे हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, आणि म्हणूनच माझा भर रायफलीवर नाही.

माझा भर कायद्यातल्या एका कोपऱ्यावर आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ मध्ये जे नियम झाले, त्यांतला तिसरा नियम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. जिथे अत्याचाराची भीती आहे असा भाग शोधून काढावा, तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी कोठारात जमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे त्यात सरकारवर सोपवले आहे. क्रम पाहा: आधी वरच्याच्या हातातली बंदूक खाली ठेवायची, मग गरज उरली तर खालच्याला द्यायची. चाळीसाच्या एक्केचाळीस रायफली करून समता येत नाही, एवढे या नियमाने ओळखले आहे. तो पाळला जातो की नाही हे विचारण्याची जागाही कायद्यात आहे: जिल्हा दक्षता समिती. गावोगाव ग्रामसुरक्षा दले आहेत; त्यांच्याकडे काठी, शिट्टी आणि बॅटरीच असते. पण त्यांची यादी कोण करते, त्या यादीत आपल्या वस्तीतली नावे किती, बायकांची किती, हे आजच विचारता येते. उद्या त्यांच्या हाती खरोखरच रायफल आली तर ती याच यादीप्रमाणे येणार आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी कथा टाकून दे म्हटले नाही. तीन प्रश्न मात्र लिहून दिले. काडतुसांच्या पेटीची किल्ली कोणाकडे? दलाची यादी कोणी केली? लुटारू परत गेल्यावर रायफली कुठे जातात?

महिन्याभराने तो परत आला. आता कथेची सुरुवात चावडीवरच्या बैठकीने होते. बाहेर टोळ्या घाट चढताहेत आणि आत किल्लीवरून वाद चालला आहे. पेटीला दोन कुलपे लावायची, एक किल्ली गावात आणि दुसरी भीमनगरात ठेवायची, अशी सूचना एक म्हातारी बाई करते. अर्धी बैठक उठून जाते. लोहाराने अजून भाता पेटवलेला नाही. पहिल्या मसुद्यात चौथ्या पानावर झडलेली गोळी या मसुद्यात तिसाव्या पानापर्यंत झडत नाही.

"सर, गोष्ट लांबली," तो म्हणाला.

मी म्हणालो, "लांबू दे. मागची गोष्ट आपल्याला वगळून संपली होती."